वेगळी पाळी

"एकटोच रवतलो तो? सोबत नको तेका?"

बाबा टँकसमोर खुर्ची टाकून बसले होते. काचेच्या आत, ओंडक्याच्या सावलीत, आमचा वुल्फ फिश तासाभरापासून तसूभर हलला नव्हता. फक्त कल्ले हलत होते, तेही इतके सावकाश की नीट पाहिल्याशिवाय कळू नये. तरुणपण गिरणगावातल्या एका खोलीत वीस माणसांबरोबर काढलेल्या बाबांना त्याचं असं एकटं पडून राहणं बघवेना. पुढे दीड वर्ष मी जे जे करत गेले त्याची सुरुवात या प्रश्नापासून झाली. त्यात विचारणाऱ्याचा दोष नव्हता. प्रश्न माझ्याही मनात होताच, बाबांनी तो फक्त बोलून दाखवला.

मासा कुर्ल्याच्या बाजारातून आणला, २०१८ च्या जूनमध्ये. पहिला पाऊस पडून गेला होता, वाटेत चिखल होता आणि मी गेले होते फिल्टरचा स्पंज आणायला. दुकानाच्या दाराशी पाण्याच्या पिशव्या टांगलेल्या. बाकीच्या पिशव्यांतले मासे प्लास्टिकला सारखे धडका देत होते. एका पिशवीत मात्र तीन इंचांचं तपकिरी पिल्लू बुडाशी स्थिर होतं. मी बोट जवळ नेलं तसा त्याचा डोळा बोटामागून फिरला. दुकानदाराने खरं तेच सांगितलं. "मॅडम, अकेला रखना. जो मुंह में आएगा, खाएगा." मी मान डोलावली आणि दोन फुटी टँकमध्ये तो एकटा राहील असं ठरवूनच घरी आले.

त्याचं शास्त्रीय नाव हॉप्लियास मालाबारिकस. हे नाव वाचलं तेव्हा मी थबकले, कारण मलबार हा शब्द मुंबईकराच्या कानाला घरचा. आपली एक अख्खी टेकडी त्या नावाची. पण या माशाचा मलबारशी संबंध फक्त एका चुकीचा आहे. मार्कुस ब्लॉख नावाच्या बर्लिनच्या डॉक्टरने १७९४ मध्ये त्याचं वर्णन लिहिलं आणि आपल्याकडचा नमुना मलबारहून आला आहे अशी त्याची समजूत होती. मासा खरा दक्षिण अमेरिकेचा, तिथल्या नद्यांचा, ओढ्यांचा, साचलेल्या पाण्याचा. गावाचं नाव चुकलं ते सव्वादोनशे वर्षं तसंच चालत आलं. मी शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे ही चूक मला विसरता येत नाही.

त्यातून हे एक नाव म्हणजे एकच जात असंही नाही. वेगवेगळ्या नद्यांतल्या या माशांची गुणसूत्रं मोजली तर कुठे ३९, कुठे ४०, कुठे ४२ भरतात. दिसायला सारखे असलेल्या कितीतरी जाती एका नावाखाली राहतात. पाळणाऱ्याला याचा फरक पडतो, कारण याच कुळातला ऐमारा मीटरभर आणि त्याहूनही लांब होतो, आणि तीन इंचांचा असताना दोघांत फरक कळणं कठीण. हनुवटीखाली जबड्याची दोन हाडं पुढे निमुळती होत इंग्रजी व्हीसारखी जुळली की तो मालाबारिकसच्या गटातला. मी मोबाइलचा टॉर्च लावून, जमिनीवर आडवी होऊन काचेच्या बुडातून ती हनुवटी पाहिली. व्ही होता. म्हणजे साधारण दीड फूट. मला हायसं वाटलं.

दीड फूट हेसुद्धा आमच्या घरासाठी लहान माप नव्हतं. कन्नमवारनगरात तिसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या. पिल्लू महिन्याला जवळजवळ इंचभर वाढत होतं. २०१९ च्या गुढीपाडव्याला चार फूट लांब, दोन रुंद, दोन उंच टँक आणला. वरची तीन बोटं मोकळी सोडून त्यात सुमारे ४०० लिटर पाणी बसतं. काच, वाळू, लोखंडी स्टँड धरून वजन ५०० किलोंच्या पुढे. घराची लादी साधारण चौरस मीटरला २०० किलो धरून बांधलेली असते आणि हे सगळं वजन पाऊण चौरस मीटरच्या आत उभं राहणार होतं. म्हणून एका ओळखीच्या इंजिनिअरला घरी बोलावलं. त्याने खालचा बीम शोधून दिला आणि टँक त्या भिंतीला लागून, बीमवरून आडवा ठेवायला लावला. कपाट बाल्कनीत गेलं. पाणी महापालिकेचं, ड्रममध्ये साठवून, अँटीक्लोरीन घालून. दर रविवारी आठ बादल्या काढायच्या आणि आठ घालायच्या. मे महिन्यात पाणीकपात लागली की सहा.

आणि त्या एवढ्या पाण्यात, काचेवरचं शेवाळ खाणारा एक सकर मासा सोडला तर, एकच मासा, तोही एका कोपऱ्यात. खरं सांगायचं तर मला ते रिकामं वाटायचं. घरी आलेला पाहुणा टँकपाशी जाऊन विचारायचा, "यात काही आहे का?"

बाबांचा तोडगा त्यांच्या जुन्या खोलीतून आला. ते मालवणहून मुंबईला आले ते लालबागच्या गावकऱ्यांच्या खोलीत. दहा बाय बाराची खोली, भिंतीला ट्रंका, खुंट्यांना सदरे आणि वीस-बावीस माणसं. जेवण खानावळवाल्या बाईकडे. गिरणी तीन पाळ्यांत चालायची, तशी खोलीही चालायची. पहिल्या पाळीचा निघाला की रातपाळीचा येऊन त्याच जागेवर वळकटी पसरायचा. "पाळी वायली केली की सगळे रवतत," बाबा म्हणाले. मासा रात्री फिरतो ना? मग दिवसा फिरणारे मासे आण. एक जागा असेल तेव्हा दुसरा निजलेला असेल, एकमेकांच्या वाटेत यायचा प्रश्न नाही.

मला हे इतकं पटलं की मी ते जवळजवळ शास्त्र म्हणून स्वीकारलं. वाचनही त्याच्या बाजूने होतं. मोठ्या शिकारी माशांबरोबर उंच, चपट्या, तोंडात न मावणाऱ्या अंगाचे मासे ठेवावेत, ते टँकच्या वरच्या भागात फिरणारे असावेत, थव्याने राहणारे असावेत. सिल्व्हर डॉलर या सगळ्यात बसतो. थाळीसारखा गोल, चांदीसारखा लखलखीत, पालक आणि मटार खाणारा. तोही दक्षिण अमेरिकेचाच, एवढंच नाही तर वुल्फ फिशच्याच गणातला. मला वाटलं, गाववालेच आहेत. २०१९ च्या दिवाळीत चार-चार इंचांचे सहा आणले. फूटभर लांबीचा आमचा मासा ओंडक्याखाली तसाच पडून राहिला. सहा चांदीची नाणी त्याच्या डोक्यावरून फिरत होती आणि त्या दिवाळीला आमच्या घरात त्याहून सुंदर काही नव्हतं.

दोन आठवड्यांनी सकाळी पाच राहिले. सहाव्याचा अर्धा भाग फिल्टरच्या जाळीला लागला होता, कड चंद्रकोरीसारखी कापलेली. तोंडात मावत नाही म्हणून वाचेल हे अर्धंच खरं होतं. ज्याला असे दात आहेत त्याला गिळायची गरज नसते, तो तोडतो. भूक हेही कारण नव्हतं, कारण आदल्या संध्याकाळीच मी चिमट्याने त्याला तीन कोलंब्या भरवल्या होत्या. मोठ्या वुल्फ फिशला आठवड्यातून दोनदा खाणं पुष्कळ होतं आणि हा मासा महिनोन्महिने उपाशी राहूनही जगतो. पोट भरलेलं असलं की तो शांत असतो हे मी पुष्कळांकडून ऐकलं होतं. तो एरवीही शांतच असतो. शांतपणा ही त्याची शिकारीची रीत आहे.

आणि बाबांचा हिशेब जिथे चुकला होता ते मला तेव्हा कळायला हवं होतं. खोलीत दिवसपाळीवाला निजला की रातपाळीवाला गिरणीत असे. इथे दुसरा कुठे जाणार? सिल्व्हर डॉलर रात्री पाण्याच्या मध्यात झोपतात, अंगाची चमक मंद करून, जवळजवळ तरंगत. त्याच वेळी ओंडक्याखालचा जागा होतो. वेगळी पाळी म्हणजे एकाच्या झोपेवर दुसऱ्याची जाग. मी सोबत म्हणून जे आणलं होतं ते रोज रात्री त्याच्यासमोर झोपी जात होतं.

पण तेव्हा मला हे दिसलं नाही. मी उपाय करत राहिले. ओंडका एका टोकाला हलवला. रात्रभर मंद निळा दिवा ठेवला. त्यामुळे तो कमी फिरू लागला, म्हणून मी खूश. २०२० च्या मार्चच्या सुरुवातीला आणखी एक गेला, चार उरले. मग लॉकडाउन लागला आणि शाळा घरात आली. मी आणि बाबा दिवसभर त्याच टँकसमोर, आणि सात महिने एकही मासा गेला नाही. मला वाटलं, जमलं. मी ओळखीतल्या दोघातिघांना फोन करून सांगितलंसुद्धा, की वुल्फ फिशबरोबर सिल्व्हर डॉलर राहतात, थोडा धीर धरावा लागतो.

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास अख्ख्या मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. मी ऑनलाइन वर्ग घेत होते, तो तुटला. पहिली दहा मिनिटं मी मुलांचाच विचार करत होते. मग लक्षात आलं की घरात एक आवाज नाही. फिल्टर आणि एअर पंप दोन्ही बंद.

वुल्फ फिशची मला काळजी नव्हती. कमी प्राणवायूच्या पाण्यात तग धरणं त्याला जमतं, आटत्या डबक्यांतही त्याची जात टिकते. डॉलर तसे नाहीत, आणि ऑक्टोबरचं पाणी कोमट. आम्ही झाकण काढलं, मी तांब्याने पाणी काढून हातभर उंचावरून परत ओतू लागले. पाणी असं आपटलं की हवा मिसळते. अर्ध्या तासाने हात भरून आला, तेव्हा बाबांनी तांब्या घेतला. मग मी, मग बाबा. वीज दुपारनंतर आली. तोवर आम्ही दोघांनी पाळ्या लावून तेच केलं.

पंख्याचा आवाज नाही, टीव्ही नाही, फोनची बॅटरी वाचवून ठेवलेली. एरवी मी टँककडे येता-जाता बघत असे. त्या दिवशी कित्येक तास सलग बघावं लागलं. बाबांच्या पाळीत मी बसले होते, तेव्हा ते हळूच म्हणाले, "ह्ये कोपरो सोडनत नाय गो बाय."

चारही डॉलर उजव्या वरच्या कोपऱ्यात होते. मला वाटलं हवेसाठी वर आलेत. पण पाणी आम्ही डाव्या बाजूला ओतत होतो, प्राणवायू तिकडे होता. आणि हा कोपरा मला ओळखीचा होता, काल, परवा, गणपतीतही ते तिथेच होते. चार फुटांच्या पाण्यात ते सात महिने सव्वा फुटात राहत होते. पर अंगाला चिकटलेले, थवा नव्हे तर गठ्ठा. दम लागलेला असतानाही चौघांचं अंग खाली ओंडक्याकडे तिरकं. मी खाणं टाकायचे तेही त्याच कोपऱ्यात, कारण ते तिथे असतात म्हणून. सात महिने मी रोज सकाळी त्यांना मोजत होते. एक, दोन, तीन, चार. आहेत. एवढंच.

बाबा तांब्या ओतत राहिले आणि लालबागची एक गोष्ट सांगू लागले, जी मी आजवर ऐकली नव्हती. खोलीत एक माणूस होता, गावचाच. रातपाळीला नसला की पिऊन यायचा. काही दिवस काहीच करायचा नाही, मग एखाद्या रात्री उठून निजलेल्याच्या पोटात लाथ घालायचा. रोज नाही, महिन्यातून एखादेवेळी. खोली त्याचीही होती, गावचा म्हणून कुणी त्याला काढलं नाही. त्याच्या शेजारची जागा ज्याच्या वाटणीला यायची तो वळकटी घेऊन गॅलरीत जाऊन बसायचा. पाऊस असला तरी.

"तेच्या बाजूक निजलेल्याक झोप खय?"

मी विचारलं, तुम्ही कधी होता त्याच्या बाजूला? ते म्हणाले, दोन वर्षं. आणि तांब्या माझ्या हातात दिला.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, त्यातच ती खोली मोडली, माणसं पांगली. बाबा त्या खोलीबद्दल नेहमी प्रेमानेच बोलत आले होते, वीस माणसं कशी राहिली, किती मजा होती, आणि त्यातलं काही खोटं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी फक्त उरलेलं सांगितलं.

पुढच्या रविवारी मी चारही डॉलर मुलुंडच्या एका मैत्रिणीकडे पोचवले. तिचा टँक पाच फुटी, त्यात गरीब स्वभावाचे मासे. पहिले चार दिवस ते तिथेही कोपऱ्यातच बसून होते, मैत्रीण म्हणाली, तुझे मासे आजारी आहेत. दहाव्या दिवशी तिने व्हिडिओ पाठवला. चौघे पाच फूट लांबी ओलांडून वळत होते, परत येत होते, एकमेकांपासून हात-हात अंतर सोडून. मी तो किती वेळा पाहिला ते मोजलं नाही.

मग राहिला सकर. तो सगळ्यांत आधीपासून होता, काचेवरचं शेवाळ खायला आणलेला. अंगावर हाडांचं चिलखत आणि पाळी रात्रीचीच, वुल्फ फिशसारखी, त्यामुळे त्याला कधी धक्का लागला नव्हता. हा एक तरी जमला असं मी मानून होते. पण डॉलर गेल्यावर मला सलग बघायची सवय लागली होती. वुल्फ फिशच्या डाव्या कुशीवर फिकट चट्टे दिसले. आधी रोग वाटला. दोन रात्री लाल सेलोफेन लावलेला टॉर्च घेऊन जागी राहिले तेव्हा कळलं. तासन्‌तास न हलणाऱ्या माशाच्या अंगावर सकर येऊन चिकटत होता आणि त्याचा बुळबुळीत थर खरवडत होता. लांडगा म्हणून ज्याला सगळे भितात तो अंग झटकून ओंडक्याच्या दुसऱ्या बाजूला जाई, सकर थोड्या वेळाने तिकडे येई. इतके दिवस मी त्याच्या दातांपासून दुसऱ्यांना वाचवायच्या खटपटीत होते, त्याची कूस मी पाहिलीच नव्हती. सकरही गेला, एका दुकानदाराने परत घेतला.

वुल्फ फिशला ब्राझीलमध्ये त्राइरा म्हणतात, आणि तिथल्या बोलीत दगाबाज माणसालाही तोच शब्द आहे. मला ते पटत नाही. या माशाने मला एकदाही फसवलं नाही. पहिल्या दिवशी दुकानदाराच्या तोंडून जे कळलं तेच तो रोज करत राहिला. त्याच जातीचा नर उथळ पाण्यात खळगा करून अंडी राखत बसतो हेही मी वाचलं आहे, आणि त्या बसण्यातही तो असाच निश्चल असणार.

शेजारच्या एका काकांनी मध्ये सुचवलं होतं, एवढी दगदग कशाला, पवईला नेऊन सोड, तलाव मोठा आहे. ते मायेनेच बोलत होते. मी त्यांना बसवून सांगितलं की असंच कुणीतरी मायेने सोडलेला सकर आज देशातल्या कितीतरी नद्या-तलावांत पसरला आहे, आणि थाई मांगूर पाळायला सरकारला बंदी घालावी लागली. ज्या पाण्यातल्या माशांनी असा शिकारी कधी पाहिलेला नाही त्या पाण्यात हा सोडायचा म्हणजे सहा डॉलरच्या जागी अख्खा तलाव त्याच्यासमोर झोपवायचा.

आठ फुटी, दहा फुटी टँक बाळगणारे लोक आहेत. त्यांच्याकडे वुल्फ फिशबरोबर मोठाले मासे वर्षानुवर्षं राहतात, हे मी मानते. कोणी मला विचारलं तर मी आता कोणत्या जाती ठेवा हे सांगत नाही. मी विचारते, ते कुठे झोपतात? रात्री उठून पाहिलंय? पूर्ण पाणी वापरतात की कोपरा? बहुतेकांकडे उत्तर असतं ते आकड्याचं. पाच ठेवले होते, पाचही आहेत.

आता चार फुटांत तो एकटा आहे. चट्टे तीन आठवड्यांत भरले. निळा दिवा काढला. पाहुणे अजूनही विचारतात, यात काही आहे का, आणि मी त्यांना ओंडक्याखाली बोट दाखवते. खाणं बाबा देतात, कोलंबीचं आणि तिलापियाच्या तुकड्यांचं. जिवंत गोल्डफिश घालायचा नाही हे आम्ही पहिल्यापासून पाळलं, कारण गोल्डफिशच्या मांसात बी-१ जीवनसत्त्व नासवणारं द्रव्य असतं आणि बाजारचा मासा रोगही घेऊन येतो. पण त्याहून मोठं कारण बाबांचं आहे. पळायला जागा नसलेल्याला समोर टाकायचं नाही, असं ते म्हणतात.

रातपाळीची सवय बाबांची अजून गेलेली नाही. दोन-अडीचला त्यांना जाग येते. पाणी प्यायला उठतात, दिवा लावत नाहीत, तो दचकेल म्हणून. भिंतीला हात लावत टँकपाशी येतात, रस्त्यावरच्या दिव्याचा जो काय उजेड खिडकीतून येतो त्यात उभे राहतात. सकाळी चहाला मला सांगतात, काल रात्री तो कुठे होता. पहिले काही दिवस ओंडका. मग मागची काच. मग बरेच दिवस मागची काच.

परवा कपबशी खाली ठेवून म्हणाले, "मधी होतो. अगदी मधी."